लाल विमानाशेजारचे पांढरे

मित्रांनो, गिऱ्हाईक ज्याची किंमत विचारते आणि घेते मात्र शेजारचे, असे मी एक पांढरे शिकाऊ विमान आहे. फोमचे अंग, रुंद पंख, मंद गती. रिमोटच्या दांड्या सोडल्या तरी आपले आपण सरळ होणारा स्वभाव. धुळ्याच्या दुकानात माझ्या शेजारी एक लाल लढाऊ विमान होते. आखूड पंख, टोकदार नाक. गुण माझ्यापाशी आणि नजरा त्याच्याकडे, हा न्याय मला कधीच पटला नाही.

शिरपूरचे कापूसवाले प्रेमराज नाना पत्नी भिकुबाईंसह आयुष्यातले पहिले विमान निवडण्यास आले, तेव्हा दुकानदार योगराजने मलाच पुढे केले.

“नाना, नवा हातले हाईच बरं. चुकनात तरी सावरी लेस.”

“हाई? हाई ते बगळानामायक दिखस! मले लाल जोयजे.”

मी बगळ्यासारखा ठरलो आणि लाल विमान विकले गेले. नानांचे मन बदलेल या आशेने योगराजने मलाही मोकळ्या माळावर सोबत नेले. तेथे मी पाहिले, ते आजही मला सलते. भिकुबाईंनी लाल विमानाच्या नाकाला कुंकू लावले, त्याला ओवाळले आणि शेपटीला चांगली टपोरी लिंबू-मिरची बांधली.

“अहो, ट्रॅक्टरले बांधतस, मंग याले काबर नही?” त्या म्हणाल्या.

विमानाचा तोल पंखांखाली साधावा लागतो. शेपटी जड झाली की संपले. योगराज वारा पाहण्यास दूर गेला होता आणि नानांना धीर नव्हता. लाल विमान नाक वर करून उसळले, थबकले आणि ढेकळांत आदळले. मला वाईट वाटले नाही.

“नजर लागनी!” भिकुबाई कळवळल्या.

“नजर नही अक्का, शेपूट जड व्हयनं,” धावत आलेला योगराज म्हणाला आणि त्याने मला नानांच्या हाती दिले.

नाना चुकले, घाबरले, दांड्या सोडून बसले, मी सावरलो. त्या हंगामात त्यांच्या सगळ्या चुका मी अंगावर घेतल्या. पण हात बसताच त्यांनी लाल विमान दुरुस्त करून आणले. ते ऐटीत वळे, लोक टाळ्या वाजवत. ती वळणे नाना कोणाजवळ शिकले, हे कोणीच विचारीना. मी पत्र्याच्या खोलीत खुंटीला टांगलेला होतो. उन्हाळा जवळ येत होता. तापल्या पत्र्याखाली फोमचे पंख वाकतात आणि वाकल्या पंखांचे विमान पुन्हा उडत नाही.

एके सकाळी नाना आणि भिकुबाई खोलीत आले. नानांच्या हातात लाल विमान होते.

“तुले शिकनं शे ना? मंग हाई ले. कितलं देखणं शे!”

“देखणं काय करू?” भिकुबाई म्हणाल्या. “तुमनं तुमलेच ऱ्हाऊ द्या. मले ते धवळं जोयजे.”

मित्रांनो, पहिले विमान निवडाल तेव्हा तुमची चूक कोण पोटात घालील, तेवढे पाहा. आणि हात बसल्यावर त्याला उन्हात टांगू नका. एरवी माझी कसलीच तक्रार नाही. त्या सकाळी दोन्ही विमाने समोर होती आणि भिकुबाईंनी हात माझ्याकडे केला. लाल विमान पाहत होते.