गुडघ्यावरचा फेटा

मित्रांनो, विठ्ठलवाडीच्या कबड्डी मंडळात ज्याला सगळे मानाने हाताळायचे, तो जुना डाळिंबी फेटा म्हणजे मीच. कल्याणच्या बाजारातून मंडळाच्या मारुतीकाकांनी मला पारखून आणलं. तेव्हापासून स्पर्धा जिंकणाऱ्या कर्णधाराच्या डोक्यावर बसायचं, एवढंच माझं काम. मिरवणुकीत माझा काय तोरा असायचा म्हणून सांगू!

पण मुलींच्या संघाला मी कधी लाभलो नव्हतो. कर्णधार संचिताला याची फार खंत. सरावाला आली की माझ्या पेटीत डोकावून म्हणायची, यंदा तुला नेणारच.

यंदा अंतिम सामना नौपाड्याच्या संघाशी पडला. मध्यंतरालाच आमच्या पोरी चांगल्या पुढे! मग काकांना कुठला धीर? फेटा आधी गुडघ्यावर बांधून तयार ठेवायची त्यांची जुनी पद्धत. तिथेच बसून त्यांनी मला गुडघ्यावर गुंडाळलं. काकांनी चक्क गुडघ्याला बाशिंग बांधलंय, म्हणत मंडळी हसली. मीही फुलून गेलो होतो, खोटं कशाला बोलू? पोरींचं लक्ष मात्र खेळावरून उडून माझ्याकडे लागलं, आणि नौपाड्याची कर्णधार जोविटा हिने एकेक खेळाडू टिपत गुण बरोबरीत आणले.

शेवटची चढाई संचिताची. ती एकीला शिवून परतली, पंचांनी गुण दिला, वेळ संपली. ताशे कडाडले. काकांनी धावत येऊन मला तिच्या डोक्यावर चढवलं. ज्यासाठी ती इतकी झुरली, ते अखेर मिळालं होतं! पण ती हसेना. सरळ पंचांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, शिवायच्या आधीच माझा पाय रेषेबाहेर गेलेला. पॉइंट त्यांचा आहे."

ताशे थांबले. गुण नौपाड्याला गेला आणि सामनाही. काका गहिवरून म्हणाले, राहू दे पोरी, फेटा तुझाच. तिने ऐकलं नाही. डोळे भरून आले होते, तरी तिने दोन्ही हातांनी मला अलगद उतरवलं आणि जोविटाच्या डोक्यावर ठेवलं.

मित्रांनो, आता मी नौपाड्यात जोविटाच्या कपाटात असतो. तुमच्याही घरी एखादा फेटा असेल. त्याला ओल लागू देऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा, आणि सामना संपेपर्यंत त्याची घडी मोडू नका. आजवर कितीतरी डोक्यांवर मी ऐटीत बसलो. पण मला खरा अभिमान आहे तो ज्या डोक्यावरून उतरलो, त्याचा.