एकसष्टावा सेकंद

दाजींची पहिली तीन रॉकेटं आभाळात गेली ती गेलीच. तीन वेळा हातावर तुरी मिळाल्यावर दाजींनी चौथं चार महिने खपून बनवलं. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, लेथवर घासूनपुसून गुळगुळीत केलेलं टोक. हाडाचा सुतार माणूस, त्यांच्या हातून ओबडधोबड काही होणं शक्यच नव्हतं. मग जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "हेही हरवलं तर बास. मी आपला स्टुलं करत बसेन."

समोर बसलेल्या मेव्हण्याने हातातला घास ताटात ठेवला. मेव्हणा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, घड्याळजी. त्याचं दुकान बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. सोमवार ते शनिवार तो घरातलीच घड्याळं उघडून पुन्हा बंद करायचा आणि रविवारची वाट बघायचा. रविवारी दाजी, ताई आणि तो माळावर रॉकेट उडवायला जात. तेवढा एक दिवस गेला की त्याच्या आठवड्यात उरत काय होतं?

"मी यंत्र बनवतो," तो म्हणाला. "रॉकेट कुठे पडलं ते स्वतःच सांगेल."

"तुझं घड्याळ सांगणार?" दाजी म्हणाले.

पण त्याने ते बनवलं. उपग्रहांचे इशारे पकडणारी नखाएवढी चकती, छोटा रेडिओ, बटणासारखी बॅटरी आणि उंदराच्या शेपटीएवढी तार, हे सगळं डोळ्याला भिंग लावून त्याने रॉकेटच्या टोकात बसवलं. धक्क्याने बॅटरी सुटू नये म्हणून वर स्पंज कोंबला. रेडिओने पाठवलेले दोन आकडे हातातल्या डबीवर येत, एक उत्तरेचा, एक पूर्वेचा. ते मोठ्या नकाशावर मांडायचे की झालं. पृथ्वीचे अंश मिनिटांत आणि मिनिटं सेकंदांत मोडतात हे कळल्यावर तर स्वारी हरखूनच गेली. इतकी वर्षं ज्यांच्या संगतीत काढली तीच मंडळी नकाशावर भेटली होती.

दारात चाचणी घेतली तेव्हा टिंब घराऐवजी मागच्या गल्लीत पडलं. "नकाशा जुना आहे," असं म्हणून त्याने खापर नकाशावर फोडलं.

रविवारी रॉकेट सुंदर उडालं. ताईने शिवलेलं पॅराशूट वर लाल टिकलीएवढं उघडलं आणि वाऱ्याबरोबर मक्याच्या शेतांकडे सरकलं. उन्हाने डोळे दिपले आणि ते दिसेनासं झालं. डबीवर मात्र उत्तरेचा आकडा थांबला होता. मिनिटं बेचाळीस, मग टिंब, मग सत्तेचाळीस. घड्याळजीने ऐटीत नकाशावर खूण केली. ताईला सामानाजवळ बसवून दोघे निघाले.

खूण होती तिथे नांगरलेली जमीन होती. वीतभर गवतसुद्धा नाही, मग रॉकेट कुठून असणार? अर्धा तास दोघे ढेकळं तुडवत फिरले.

दाजी बांधावर बसले. "आधीची तीन हरवली," ते म्हणाले, "पण तेव्हा निदान कोणी छातीठोकपणे चुकीची जागा दाखवली नव्हती."

घड्याळजीला रडूच यायचं बाकी होतं. तो डबी उलटसुलट करून बघू लागला. आणि आकडा हलला. अठ्ठेचाळीस. पन्नास.

"दाजी, रॉकेट चालतंय!"

"चोर!" दाजी ताडकन उठले.

छप्पन्न. एकोणसाठ. साठ. आता मिनिटं त्रेचाळीस होणार, घड्याळजीने मनात म्हटलं. जन्मभर त्याने साठानंतर नव्या मिनिटाशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. डबीवर एकसष्ट आलं.

त्याने बोटांवर हिशेब केला. मग त्याने कपाळावर हात मारला. "दाजी, मी गाढव आहे! हे सेकंद नाहीतच. मिनिटाचे शंभर भाग केलेत. सत्तेचाळीस म्हणजे अठ्ठावीस सेकंद. एकसष्ट म्हणजे छत्तीस आणि थोडे. घड्याळजी सोडून हे कोणीही बरोबर वाचलं असतं!"

नवी खूण मक्याच्या ऐन मध्यावर पडली. त्या शेतात माळावरूनच शिरता येत होतं, म्हणून चोर पकडायला दोघे धावत माळावर परतले. सामान तिथेच होतं. घडीची खुर्ची होती, खुर्चीवर ताईचा फोन होता. ताई नव्हती.

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. "तिनेच पॅराशूट पडताना पाहिलं असणार. गेली ती आणायला." मका डोक्याच्या वर हातभर वाढलेला, आणि ताई जेमतेम दाजींच्या खांद्याला लागायची. आत शिरलं की चारी दिशा सारख्याच. दाजींनी बांधावर उभं राहून हाका मारल्या, पण वाऱ्याने सळसळणाऱ्या पानांत त्या विरून जात होत्या.

"किती आलं?" त्यांनी विचारलं.

"छप्पन्न. मागे वळली ती. चला!"

घड्याळजी आकडे वाचून नकाशावर टिंब देई, दाजी पानं दोन्ही हातांनी बाजूला सारत पुढे जात. आकडा कधी चढे, कधी उतरे. बाई गोल गोल फिरत होती.

"आता उजवीकडे. अजून थोडं. हाक मारा!"

"अगं ए!"

"ओरडता काय? इकडे आहे मी!" अगदी पलीकडच्या ओळीतून उत्तर आलं.

ताई घामाघूम झाली होती, केसांत मक्याचे तुरे अडकले होते आणि काखेत रॉकेट होतं, एक ओरखडाही न उठलेलं. "दहा मिनिटांत मिळालं मला हे," ती म्हणाली. "बाहेरची वाट तेवढी मिळत नव्हती. तुम्ही कुठे होतात इतका वेळ?"

दाजींनी रॉकेटकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी तिचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. ताई लाजली. "अहो, भाऊ बघतोय."

"बघू दे."

घड्याळजीने घसा खाकरला. "दाजी, चूक माझी होती. त्या सेकंदांच्या नादात—"

"ते राहू दे," दाजी म्हणाले. "पुढच्या रविवारी दोन यंत्रं घेऊन ये. एक रॉकेटला, एक हिला."

"मला कशाला?" ताई फणकारली आणि बाहेरच्या वाटेवरून दोघांची जुंपली. घड्याळजी मागून चालत होता. पुढचं काहीच त्याला ऐकू येत नव्हतं. पुढचा रविवार होता, एवढंच त्याला कळलं होतं.