जमिनीत रुतलेली खुर्ची

पंडरी बाजारात, कापडाच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, आशय न बांधलेल्या इमारतींचे फोटो काढायचा. फोटोच म्हणायचे. आर्किटेक्टने कॉम्प्युटरवर रेघांनी उभा केलेला सांगाडा त्याच्याकडे यायचा आणि आशय त्यावर फरशी चढवायचा, भिंतींना रंग द्यायचा, खिडकीतून ऊन आत सोडायचा. शहराबाहेर राज्याची नवी राजधानी उभी राहत होती. तिथली कितीतरी ऑफिसं पाया खणायच्या आधीच आशयच्या पडद्यावर चकचकत होती.

बुढापारा मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाच्या कीर्तन-सभागृहाचं काम आलं, तेव्हा मात्र तो लॅपटॉप घरी घेऊन आला. कारण आई.

कुमुदताईंचा कीर्तनावर भारी जीव. बुवांनी नुसता अभंग उचलला, की यांचे डोळे भरून यायचे. पण गेल्या रामनवमीला गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी खाली बसायची साफ मनाई केली, म्हणून मंडळाच्या लोकांनी मोठ्या आदराने खुर्ची दिली. कुमुदताई बसल्या आणि पाहतात तो काय, सारी मंडळी सतरंजीवर, रामराया ठेंगण्या चौरंगावर, अन् आपण त्याच्याही वर, तंगड्या सोडून! निरूपण सुरू व्हायच्या आत त्या उठून घरी आल्या, त्या पुन्हा गेल्याच नाहीत. "मोबाईलवर ऐकतो ना मी," म्हणायच्या. लावायच्या आणि लगेच बंद करायच्या. समोर श्रोते नसलेलं कीर्तन त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

सभागृहाचं पहिलं चित्र मंडळाचे अध्यक्ष श्यामकांतकाकांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, हे गोरे लोक काहून बसवले? कॉफीचे कप घेऊन कीर्तन ऐकून राहिले!"

"काका, सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं अशीच मिळतात."

"मग आपली टाक ना! का आपल्या तोंडाले कॉम्प्युटर भेते?"

म्हणून आशय मंडळाच्या लोकांचे फोटो काढत सुटला. मंडळी हौसेने सतरंजीवर मांडी घालून बसली. शेवटी त्याने घरातल्या खिडकीपाशी खुर्ची मांडली.

"आई, बस इथं. तुले हॉलमध्ये टाकतो."

"खुर्चीवर?"

"हव."

"नाही बसत."

"अगं, चित्र आहे ते!"

"चित्रात देव आहे का नाही?"

"आहे."

"मग झालं तर. देवाच्या वर मी बसत नाही. खऱ्यात बसली तर उठून येता तरी आलं. तुह्या चित्रात तर कायमची बसून राहीन!"

आशयने खुर्ची तिथेच राहू दिली. तो लॅपटॉप उघडून बसला. निदान मागच्या बाजूला खुर्ची कशी दिसते ते पाहावं, म्हणून त्याने तयार माणसांतली फ्रॉकवाली एक म्हातारी उचलली आणि खुर्चीसकट शेवटच्या रांगेत ठेवली. उंची द्यायची तेवढी राहून गेली. बाई जमिनीत रुतली. खुर्चीचे पाय, तिचे पाय, सगळं फरशीच्या पोटात गेलं. वर उरली ती नुसती कमरेपासूनची बाई, शेजारच्या सतरंजीवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून.

कुमुदताई चहा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"ही कोण रे?"

"चुकलं, थांब. वर घेतो तिले."

"राहू दे." कप हातातच होता. "पाय कुठं गेले हिचे?"

"जमिनीत."

"पण बसली खुर्चीवरच ना?"

"हव."

"म्हंजे गुडघेही दुखत नसतील. अन् बसली सगळ्यांच्या बरोबरीनं." दुकानात नसलेली वस्तू मागावी तशा हळूच म्हणाल्या, "अशी मी बसेन."

दुसऱ्या दिवशी आशय आर्किटेक्टकडे गेला. ती सोनिया, इथलीच, बोलता बोलता हिंदीत शिरणारी. "दीदी, हॉलचा मागचा भाग खुर्चीच्या बैठकीएवढा खाली घेता येईल? बाजूच्या दारातून उतार काढून?"

सोनियाने नकाशावर बोट फिरवलं. "मागे जमीन तशीही उतरती आहे. मी तिथे भराव घालणार होते. पहले क्यों नहीं बोले, भैया?" मग हसली. "पण अध्यक्षांना तुम्ही मनवा."

अध्यक्ष कसले मानतात!

"म्हाताऱ्यांले खड्ड्यात बसवतो का रे? लोक हसतील. उद्या मीही खुर्चीवर येईन, तेव्हा मले गाडशील!"

आशयने चित्रात हॉलचा मागचा भाग खाली घेतला आणि मंडळातल्याच काही जणांना तिथे खुर्च्यांवर बसवलं. चित्रातला कॅमेरा तो नेहमी दारात ठेवायचा, आत येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. या वेळी तो उचलून त्याने बुवा उभे राहतात तिथे ठेवला आणि रेंडर लावून दिलं, म्हणजे पक्कं चित्र उमटवायचं काम कॉम्प्युटरवर सोपवलं. आधी नुसते ठिपके होते. दुपार कलता कलता त्यातून फरशी आली, समया आल्या, मग माणसं. समोर भरलेली बैठक. पुढची कोण, मागची कोण, एवढंच कळत होतं.

श्यामकांतकाकांनी चष्मा वर सारला, खाली आणला.

"यातले खुर्चीवाले कोणते?"

"तुम्हीच सांगा."

काकांनी एकावर बोट ठेवलं. ते मांडी घालून बसलेले धर्मपाल गुरुजी निघाले. काकांनी बोट मागे घेतलं.

"बुवांले सगळे सारखेच दिसतील म्हणजे," ते म्हणाले. "कर बाबा तसं. पण त्या खुर्चीवर पहिले आईले आण."

घरी आशयने आईला नवं चित्र दाखवलं. तिने देव किती वर आहे ते पाहिलं, मागची पातळी कुठवर येते ते पाहिलं, पुन्हा देव पाहिला. मग आत जाऊन ठेवणीतली साडी नेसून आली, पदर सावरला आणि खिडकीपाशी खुर्चीत बसली.

"हलू नको हं."

"नाही हलत."

फोटो निघाला, पण हात धूसर आले. दुसरा काढला, तोही तसाच. आई तोंडातल्या तोंडात रामनाम म्हणत होती आणि हात ताल धरत होते.

"आई, हात!"

"अरे पोट्ट्या, कीर्तनात हात बांधून कोण बसते? टाळी द्यावी लागते."

तिचा आवाज चढत गेला. आशयने कॅमेरा बाजूला ठेवला. तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि चुकत-माकत टाळी धरू लागला.