दे पोराला

पाच मेच्या सकाळी प्यो दक्सूने तीनदा खिडकीतून आकाश पाहिलं. तिन्ही वेळा ते निरभ्र होतं.

"पाऊस येईलसं वाटतंय," तो फोनवर मुलीला म्हणाला.

"बाबा, मीही बुसानमध्येच राहते. आकाश मलाही दिसतं," सनहे म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती. कोरियात पाच मेला असते ती बालदिनाची सुट्टी तिला नव्हती आणि जावई जहाजावर होता. "पोरं पहाटेपासून टोप्या घालून बसलीत. तुमचं नि त्या संघाचं काय वाकडं असेल ते नंतर निस्तरा. नऊ वर्षं रुसून बसायला ते काय तुमचे व्याही आहेत?"

संघ सारखा हरतो म्हणून म्हाताऱ्याने बेसबॉल सोडला, असं घरात सगळे धरून चालले होते. दक्सूने तो समज कधी खोडला नव्हता.

तो टॅक्सीने नातवंडांना घेऊन गेला आणि स्टेडियमच्या अगदी दाराशी उतरला. रस्ता ओलांडावा लागला नाही. जागेवर बसताच त्याने नियम घालून दिला.

"चेंडू आपल्याकडे आला तर हात लावायचा नाही."

"का?" युजूने विचारलं. ती सात वर्षांची होती आणि तिने बापाचा जुना हातमोजा आणला होता.

"लागतो."

"म्हणून तर मोजा आणलाय. मग आपण आलोय कशाला?"

"चिकन खायला," साडेचार वर्षांचा गॉनू म्हणाला. त्याच्यापुरतं ते खरं होतं.

बुसानच्या स्टेडियमात एक रीत आहे. फलंदाजाचा चेंडू बाहेर गेला आणि प्रेक्षकांतल्या एखाद्या मोठ्या माणसाने तो पकडला, की सगळं स्टेडियम एका सुरात ओरडतं : दे पोराला! तो माणूस जवळच्या एखाद्या लहान मुलाला चेंडू देईपर्यंत ओरडतं. लेखी नियम कुठेच नाही, पण ती ओरड अंगावर घेऊन चेंडू खिशात घालणारा माणूस दक्सूने पाहिला नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्याच एका रविवारी, असा एक चेंडू त्याच्या हातात आला होता. पंचवीस वर्षं तो सामने बघत होता. त्यातला हा पहिला. त्याला तो ठेवून घ्यायचा होता. ओरड सुरू झाली. पुढच्या रांगेतून दोन हात वर आले, एक मुलीचा, एक मुलाचा. मुलाच्या डोक्यावर नारिंगी पिशवी होती. शेवटच्या डावांत कचऱ्यासाठी वाटतात ती पिशवी बुसानचे लोक हवा भरून, तिचे बंद कानांना अडकवून, टोपीसारखी घालतात. दक्सूने चेंडू मुलाला दिला. का त्याला, हे पुढे त्याला कधीच सांगता आलं नाही. मुलगा जवळ होता, एवढंच.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी, स्टेडियमसमोरच्या चौकात, मुलाच्या हातून चेंडू सुटला. दक्सू चाळीसएक पावलं मागे होता. गर्दीच्या डोक्यांवरून त्याला फक्त नारिंगी पिशवी दिसली, रस्त्यात धावत जाणारी. नंतर ब्रेकचा आवाज आला.

जिन सानहा, वय सहा. नाव त्याने अंत्यविधीच्या दालनाबाहेर वाचलं. आत फोटोसमोर चेंडू ठेवला होता. त्याने दोनदा लवून नमस्कार केला. मुलाच्या आईने विचारलं, "आपण कोण?"

"सामन्याला मागे बसलो होतो," तो म्हणाला, आणि निघून आला.

दक्सूने एकतीस वर्षं बंदरात क्रेन चालवली होती. चाळीस फुटी पेटी वीतभर फटीत उतरवायचा तो. हातातली वस्तू कुठे ठेवली, तिचं पुढे काय होईल, याचा हिशेब त्याचा कधी चुकला नव्हता. एकदाच चुकला, आणि ते त्याने बायकोलाही ती मरेपर्यंत सांगितलं नाही.

सहाव्या डावापर्यंत सगळं ठीक चाललं. घरचा संघ रीतसर हरत होता. मागच्या रांगेतला एक बुवा वाळवलेला माकूल मासा चघळत पिचरला सल्ले देत होता. "अरे टाक की! चेंडू आहे, सासूबाईंना चहा नाही देत आहेस!" युजू खुदखुदून हसली. दक्सूलाही हसू आलं, नऊ वर्षांनी, त्याच बाकड्यांवर.

"आजोबा, मलापण पिशवी," गॉनू म्हणाला.

"आठव्या डावात वाटतील."

"त्याला दिली."

"कुणाला?"

गॉनूने चिकनच्या तुकड्याने पुढे दाखवलं. दोन रांगा खाली एक लहान मुलगा पाठमोरा बसला होता. डोक्यावर नारिंगी पिशवी फुगलेली होती. त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. बालदिनी, जेव्हा महिनाभर आधीही तिकीट मिळत नाही, तेव्हा.

दक्सूने स्टेडियमभर नजर फिरवली. दुसरी नारिंगी पिशवी कुठेच नव्हती.

"कालची आणली असेल घरून," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

"तो बोलत का नाही कुणाशी?"

"तू खा."

मग पिशव्या वाटायला आल्या. पाच मिनिटांत वीस हजार डोकी नारिंगी झाली आणि त्यांत तो मुलगा हरवला. दक्सू एकेक पाठ तपासत राहिला. सापडला असता तर बरं, की न सापडलेलाच बरा, हे त्याला ठरवता येईना. मैदानाकडे त्याचं लक्ष नव्हतं. म्हणूनच लोक "आला, आला!" म्हणून उठले तेव्हा तो बसूनच होता. चेंडू कठड्यावर आपटून उसळला आणि त्याच्या मांडीत येऊन पडला. हात आपोआप मिटले.

मग नेहमीसारखं, आधी डावीकडून, मग सगळीकडून :

"दे पोराला! दे पोराला!"

दक्सू हलला नाही. चेंडू कोमट होता.

"अहो आजोबा, ते अंडं नाही, उबवताय काय!" मागचा बुवा ओरडला. लोक हसले. "शेजारी दोन-दोन पोरं आणि म्हातारा बघा! वर घेऊन जाणार आहे बरोबर!"

"दे पोराला!"

युजू मोजा पुढे करून उभी होती. आधी हसत होती, मग तिचे ओठ थरथरले.

"आजोबा, आम्ही पोरं नाही का?"

मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसत होता. आता हसण्याची जागा हुर्यो घेऊ लागली होती. दोन रांगा खाली, इतक्या नारिंगी डोक्यांत, एकच डोकं हळूहळू मागे वळू लागलं. दक्सूने ते पुरतं वळायच्या आत चेंडू युजूच्या मोज्यात टाकला आणि डोळे मिटले. स्टेडियमने टाळ्यांचा कडकडाट केला.

सामना संपला तेव्हा ऊन होतं. सुट्टीच्या गर्दीत टॅक्सी मिळेना. अर्धा तास थांबूनही नाही मिळाली. गॉनू रडकुंडीला आला आणि भुयारी रेल्वेचं स्टेशन त्याच चौकापलीकडे होतं. दक्सूने दोघांची मनगटं धरली.

"चेंडू पिशवीत टाक."

"हातात धरते ना. घट्ट धरलाय."

"युजू, टाक म्हणतो ना!"

कुणाचा तरी धक्का लागला. चेंडू पदपथावर एकदा उडाला आणि उताराने रस्त्यात घरंगळला. युजूने झेप घेतली. दक्सूने तिला इतक्या जोरात मागे खेचलं की ती किंचाळली. गॉनूही ओरडला, कारण दुसरी मूठही तेवढीच आवळली गेली होती.

"माझा चेंडू!"

"जाऊ दे."

"आजोबा, तो घेतोय," गॉनू रडता रडता म्हणाला.

मधल्या पट्ट्यावर काहीतरी नारिंगी वाकलं होतं. मग बस आली. ती लांब होती. दक्सूने तिच्या सगळ्या खिडक्या मोजल्या. बस गेली तेव्हा रस्ता रिकामा होता. चेंडूही नव्हता.

हिरवा दिवा लागला. तिघे ओलांडून गेले. युजूने रस्त्याकडेचं गटार पाहिलं, कठड्याखाली पाहिलं.

"कुठे गेला?" तिने हुंदके देत विचारलं.

"त्याने नेला," गॉनू म्हणाला. "तो खूश झाला."

दक्सूने तो कसा दिसत होता, हे विचारलं नाही.

सनहे रात्री दहा वाजता कामावरून आली. मुलं झोपली होती. ती पांघरूण सारखं करायला गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

"बाबा, दोघांच्या मनगटांवर काळे वळ आहेत. बोटं उमटलीत. काय झालं?"

दक्सू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. समोरचा चहा निवून गेला होता. रस्त्यात गर्दी होती, एवढं म्हणून चाललं असतं. ते खोटंही नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी मागे बसलो होतो म्हणाला, तेही खोटं नव्हतं.

"चेंडू मी दिला," तो म्हणाला.

"हो, युजूने मला फोनवर सांगितलं. लोक ओरडले म्हणे तुम्हाला. त्यात एवढं काय?"

"आजचा नव्हे," दक्सू म्हणाला. "खाली बस. त्याचं नाव सानहा होतं."