शेंगदाण्याच्या सुपाचा डाव

इकडे बघा, इकडे, पातेल्याच्या काठाशी. बोलणारा मी आहे. मी डाव. पत्त्यांचा नव्हे आणि लोक एकमेकांवर टाकतात तोही नव्हे. लांब दांड्याचा, खोलगट तोंडाचा लाकडी डाव. पातेल्यात बुडायचं, भरून वर यायचं आणि समोरच्याच्या वाटीत रिकामं व्हायचं, एवढाच माझा धंदा. पण तो मी मनापासून केला.

माझा जन्म आफ्रिकेतल्या एका गावात झाला. जोराच्या वाऱ्यात जुन्या झाडाची एक फांदी मोडली आणि ती नेमकी एका सुताराच्या अंगणात पडली. सुताराची भाची तेव्हा स्वयंपाकाच्या नोकरीसाठी परदेशी निघाली होती. मामाने ती फांदी तासली, कोरली, तिला पोटभर तेल पाजलं आणि मला भाचीच्या हातात ठेवलं.

"तिकडे सगळं मिळेल गं," तो म्हणाला, "पण हाताच्या सवयीचं एक तरी काही जवळ असू दे."

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला उलटंपालटं करून बघितलं, ठोकून बघितलं, माझा वाससुद्धा घेतला. "हे कशासाठी?" त्याने विचारलं. "जेवायला येणार असाल तर सांगते," भाची म्हणाली. त्याने हसून सोडून दिलं.

ही भाची म्हणजे आमच्या शेफबाई. समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये नवं आफ्रिकन जेवणघर उघडणार होतं, तिथे त्या मुख्य स्वयंपाकी म्हणून आल्या. सजावट करणाऱ्याने जेवणघरात काही म्हणजे काही कमी ठेवलं नव्हतं. वर गवताचं छप्पर, गवताखाली पत्रा. खुर्च्यांवर झेब्र्याचे पट्टे. दारात माणसाहून उंच लाकडी जिराफ आणि भिंतभर मुखवटे. शेफबाई सगळीकडे फिरून आल्या आणि मॅनेजरसाहेबांना म्हणाल्या, "छान झालंय. फक्त आमच्याकडे घरात एवढे मुखवटे नसतात हो. आमच्याकडे फ्रीज असतो."

साहेब खूप हसले. मुखवटे मात्र जागच्या जागी राहिले.

जेवण खरं होतं पण. टोमॅटोत शिजवलेला लालभडक तिखट भात, निखाऱ्यांवर भाजलेली कोंबडी, खोबऱ्याच्या दुधातले मासे, उकडून कुटलेल्या कंदाचे मऊ गोळे, पिकल्या केळ्यांचे तळलेले काप. आणि टेबलाच्या मधोमध, मोठ्या काळ्या पातेल्यात, आलं-मिरची घातलेलं दाट शेंगदाण्याचं सूप. त्या पातेल्यात मी.

तिथे उभ्या उभ्या मी माणसं शिकलो. बुफेला आलेला माणूस आधी रिकामी प्लेट घेऊन सगळ्या टेबलांची पाहणी करतो, जणू पदार्थ त्याला मुलगी म्हणून दाखवायला आणलेत. मग "आपण थोडंसंच घेऊ" असं बायकोला बजावतो आणि प्लेटवर असा डोंगर रचतो की चालताना त्याला पुढचं दिसत नाही. लहान मुलं थेट गोडाकडे पळतात आणि आया त्यांच्यामागे. काहीजण मला सुपात गळ्यापर्यंत बुडवून निघून जातात. एका गृहस्थांनी तर मला उचलून चक्क कस्टर्डात ठेवलं होतं. तो दिवस मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला म्हणून सांगितला.

माझी खरी ओळख मात्र हातांशी. चेहरा हसरा ठेवता येतो, हात ठेवता येत नाही. घाईचा हात, भुकेला हात, आत्ताच भांडून आलेला हात, दांड्याला धरल्याबरोबर मला कळतो.

एका सकाळी, नाश्ता संपून दुपारच्या जेवणाची मांडामांड चालू असताना, दोन बायका गप्पा मारत माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. दोघी साठीच्या आसपासच्या. बोलण्यावरून कळलं की सख्ख्या जावा आहेत. पण आवाज असा हळू, की जणू चोरीच करायला आल्यात.

"ताई, भाऊजींना कुठे ठेवून आलात?" धाकटीने विचारलं.

"खोलीत. पडदे उलटे करून शिवण तपासतायत. कालपासून सगळ्या पडद्यांना नावं ठेवून झाली, आता उशांचे अभ्रे घेतलेत. तुझे कुठे?"

"तलावाकाठी पाय सोडून बसलेत. पोहत नाहीत. म्हणतात, पाणी ओळखीचं नाही."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मग थोरली गंभीर झाली. "मी ह्यांना सूप आणायला पाठवते. तूही तुझ्यांना तेव्हाच पाठव. समोरासमोर आले की बघू."

"आणि भांडले तर?"

"भांडले तर बोलले तरी म्हणायचं!"

आता हे भाऊ कोण आणि ते बोलत का नव्हते, हे मला त्या दोघींच्या बोलण्यातून समजलं ते असं. थोरला शिंपी. घरात मूल जन्मलं की त्याच्या पहिल्या झबल्यापासून सगळे कपडे ह्याच्या मशीनखालून जायचे. धाकटा बस चालवायचा आणि त्याचा गणवेशही थोरलाच शिवायचा. मग धाकट्याच्या मुलाचं लग्न ठरलं. आणि नवऱ्या मुलाचा कोट धाकट्याने दुकानातून आणला. तयार!

थोरला लग्नाला आला. मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, कोटाची बाही दोन बोटांत धरून बघितली आणि न जेवता परत निघाला. जाताना दारात भावाला एवढंच म्हणाला, "आजपासून तुझ्या हातचा घास मी घेणार नाही." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. जावांचं मात्र रोज फोनवर चालू. शेवटी त्याच दोघींनी मुलांना हाताशी धरून दोन्ही जोडप्यांची सुट्टी एकाच रिसॉर्टमध्ये ठरवली. नवऱ्यांना पत्ता नाही. एकाला लवकर नाश्त्याला आणायचं, दुसऱ्याला उशिरा, असं करत पहिला दिवस त्यांनी कसाबसा ढकलला होता.

दुपार झाली. जेवणघर भरलं. थोरला वाटी घेऊन माझ्याकडे आला. तो मला आठवत होता. आदल्या दिवशी पातेल्यापाशी दोनदा येऊन, सुपाकडे बघून, तसाच पुढे गेला होता आणि कोरडं कोरडं जेवला होता. मला वाटलं होतं, शेंगदाणा चालत नसेल. आज बायकोने पाय दुखतायत म्हणून त्याला पाठवलं होतं, तेव्हा सुटका नव्हती. त्याने इकडेतिकडे बघितलं, कुणाचं लक्ष नाही अशी खात्री केली आणि मला धरलं.

आणि मला सगळं कळलं. त्याचा हात थरथरत होता. थंडीने नव्हे, रागाने नव्हे. ती थरथर जुनी होती, मुक्कामाला आलेली. मी पातेल्याच्या काठावर टकटक वाजायला लागलो.

तेवढ्यात समोरून दोन वाट्या घेऊन धाकटा आला. दोघांनी एकदम मान वर केली.

"तू?" थोरला म्हणाला.

"दादा?"

रांग थांबली. लांबवर, दारातल्या जिराफाच्या मागून दोघी जावा डोकावत होत्या. थोरली श्वास रोखून उभी होती आणि धाकटी काळजीच्या भरात केळ्याचे काप एकामागून एक तोंडात टाकत होती.

"मी आधी आलोय," थोरला म्हणाला.

"घे की मग. पातेलं काय माझ्या घरचं आहे?" बस चालवून चालवून धाकट्याचा आवाज असा झाला होता, की कुजबुज केली तरी शेवटच्या सीटपर्यंत पोचावी.

थोरल्याने मला भरून वर उचललं. मी जीव खाऊन सरळ राहायला बघत होतो, पण दांड्याच्या टोकाला भूकंप असेल तर डावाने काय करायचं? अर्धं सूप टेबलाच्या चादरीवर, थोडं त्याच्या पांढऱ्या बाहीवर. वाटीत थेंबही नाही. थोरला लालेलाल झाला. पुन्हा भरलं, पुन्हा सांडलं.

धाकट्याने आपल्या वाट्या खाली ठेवल्या. वळसा घालून तो भावाशेजारी आला आणि त्याच्या हाताखाली, माझ्या दांड्याला, त्याने स्वतःचा हात लावला.

"सोड," थोरला पुटपुटला.

"नाही सोडत."

"तुझ्या हातचं घेणार नाही म्हणून सांगितलंय मी."

"मग तुझ्याच हातचं घे. मी नुसता धरतो."

थोरल्याने वाटी पुढे केली. दोघांच्या हातांनी मला खाली नेलं, भरलं, वर आणलं. वाटी काठोकाठ भरली आणि एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. इतकी वर्षं वाढतोय मी, पण असा भारदस्त मी कधी झालो नव्हतो.

"कधीपासून माहीत आहे तुला?" थोरल्याने वाटीकडेच बघत विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून. माझी पँट शिवताना तू मला सुईत दोरा ओवायला हाक मारलीस. तू! आणि दोरा ओवायला! नंतर बघतो तर पँटच्या कडेला रक्ताचे ठिपके. कोट शिवायला सांगितला असता तर नाही म्हणाला असतास का तू? बोटांची चाळण करून घेतली असतीस."

"मग तोंड कशाला दिलंय? सांगायचं ना तसं."

"काय सांगू? शिंप्याला सांगू, दादा तुझा हात हलतोय म्हणून? भर लग्नघरात, पाहुण्यांसमोर?" धाकट्याचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या सीटपर्यंत गेला नाही. "त्यापेक्षा तू माझ्यावर चिडलेला परवडला."

थोरल्याने बाहीने नाक पुसलं. सुपाची बाही ती, नाकाला सूप लागलं.

"आखूड होती," तो म्हणाला.

"काय?"

"कोटाची बाही. पोराची मनगटं उघडी पडली होती."

"होती ना! सगळ्या फोटोंत दिसतात. सूनबाई अजून बोलून दाखवते."

पहिल्यांदा थोरला हसला, मग धाकटा, आणि मग दोघे असे हसत सुटले की मागच्या बाईंना कळेना, सुपात काय घातलंय. "अहो, झालं असेल तर आम्हालाही द्या थोडं," त्या म्हणाल्या. गडबड ऐकून शेफबाई आतून आल्या. थोरला सांडलेल्या सुपाची माफी मागायला लागला, तर त्या म्हणाल्या, "सांडू द्या हो. पातेलं मोठं आहे."

दोन टेबलं जोडली गेली. खुर्च्या सरकवताना धाकटा सवयीने ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या, थोडं मागे, बास!" चौघं कितीतरी वेळ बसून जेवले. सूप संपलं की दोघे भाऊ उठायचे आणि एक वाटी घ्यायलाही दोघांनी यायचे. तिसऱ्या खेपेला थोरली जाऊ म्हणाली, "माझे पाय आता बरे आहेत हो, मी आणते." दोघांनी तिला बसवलं.

पुढच्या वर्षी ते आले ते एकाच गाडीतून. शेफबाईंसाठी त्यांनी एक एप्रन आणला होता. जाड कापडाचा, दोन मोठ्या खिशांचा. दोरा धाकट्याने ओवलेला, शिवण थोरल्याची. खालची दुमड एका ठिकाणी नागमोडी गेलीय. एकदा कपडे धुणाऱ्याने ती उसवून सरळ करून देऊ का, असं विचारलं. शेफबाईंनी एप्रन त्याच्या हातातून काढूनच घेतला.

माझं म्हणाल तर लाकूड किती वर्षं उकळतं सहन करणार? दांड्याला चीर गेली. नवे मॅनेजर आले, त्यांनी स्टीलचे चकचकीत डाव आणले आणि मला मुखवट्यांच्या रांगेत खिळ्यावर लटकवलं. लोक माझ्याबरोबर फोटो काढून घेत. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला मजा वाटली. पण खालून सुपाचा वास यायचा आणि आपण वर कोरडे ठणठणीत, हे काही खरं नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी शेफबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, पिशवीत घातलं आणि घरी आणलं. त्यांच्या नवऱ्याने चिरेवर तांब्याची तार घट्ट आवळली. तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात आहे.

पातेलं आता लहान आहे. माणसं मोजकी, पण जागा ठरलेल्या. इथे कुणी प्लेट घेऊन फिरत नाही. शेफबाई वाढतात, आणि कधी त्या दमून आल्या की नवरा वाढतो. तो मला दांड्याच्या अगदी टोकाला धरतो, चुकीचं धरतो, पण धरतो.

तुम्ही सुट्टीला जाल, बुफेला जाल. जरूर जा, पोट फुटेपर्यंत जेवा, माझी काही तक्रार नाही. फक्त एक करा. सुपाच्या पातेल्यापाशी येऊन कुणी नुसतंच बघून पुढे जात असेल, तर त्याला सूप आवडत नाही असं लगेच धरून चालू नका. डाव तुमच्या हातात असला तर विचारा, "वाढू का?" आणि तो नको म्हणाला, तरी जरा थांबून पुन्हा एकदा विचारा.

बरं, आता निघतो. शेफबाईंचा नवरा जेवायला येऊन बसलाय आणि भूक लागली की तो गाणं म्हणतो. आवाज ऐकलात तर तुम्हीच म्हणाल, वाढा बाबा त्याला लवकर.