लेथ मशीन अचानक धावली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. विदर्भातल्या ढाणकी गावच्या बाजारात फवारणी पंप दुरुस्त करायचं दुकान आहे, तिथल्या धातू फिरवून कापणाऱ्या छोट्या लेथ मशीनच्या पोटात मी राहतो. मशीन हळू फिरावी की जोरात, हे मी सांभाळतो.

दुकान कोकिळाताई आणि तिचा मोठा भाऊ देवराव यांचं. पंपाच्या पितळी नळ्यांना ताई आटे पाडायची. ते घट्ट बसले की शेतकरी तिचं कौतुक करायचे, आणि आत मलाही बरं वाटायचं.

उन्हाळ्यात मी फार तापायचो, म्हणून देवरावांनी माझं झाकण काढलं. ते परत बसलंच नाही. पितळेचा बुरादा, म्हणजे बारीक कीस, रोज माझ्यावर साचू लागला. मी घाबरायचो, पण सांगणार कसं?

फवारणीच्या दिवसांतली ती दुपार. वेग अगदी कमी ठेवून ताई वाकून आटे पाडत होती. बुराद्यातून वीज भलतीकडे गेली आणि मोटरची वीज आवरणारा माझा भाग जळाला. मशीन पूर्ण वेगाने धावली. ताईने वेगाचं बटण मागे फिरवलं, पण मला काही आवरेना. तिच्या ओढणीचं टोक नळी धरून फिरणाऱ्या चकमध्ये गुंडाळलं गेलं. ती पुढे ओढली जात होती, आणि तिला ओढणाऱ्या मोटरला वीज मीच देत होतो. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

देवरावांनी धावत येऊन प्लग ओढून काढला. ओढणी फाटली. ताईच्या मानेवर लाल वळ उठला.

"फेकून दे हा बोर्ड," देवराव म्हणाले. "मले भेव वाटते."

"मलेबी वाटते, भाऊ. पण मशीन काहून धावली हे कळल्याबिगर मी नव्या बोर्डावरबी काम करणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मला बाहेर काढलं. प्लग काढला तरी माझ्यात थोडी वीज साठून राहते. तिने हात लावला तर? पण तिने आधी बल्ब जोडून ती उतरवली, मीटरने खात्री केली, मगच मला स्पर्श केला. ब्रशने बुरादा झाडताना तिला काळा पडलेला भाग दिसला. तिने तो काढून नवा जोडला आणि मला परत मशीनमध्ये बसवलं.

देवराव लगेच मशीन चालू करायला निघाले. तिने थांबवलं आणि प्लग व मशीन यांच्या मधे बल्ब जोडला. अजून बिघाड असता तर बल्ब भगभगला असता आणि मोटरला पूर्ण जोर मिळाला नसता. देवराव स्विचवर हात ठेवून उभे राहिले. बल्ब मंद लागला. मोटर सावकाश फिरली.

आता माझं झाकण घट्ट आहे. ताईच्या हाताशी मशीन बंद करायचं मोठं लाल बटण आहे. तरीही ती वाकली की मला धडकी भरते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना ओरडता येत नाही. आमची झाकणं लावा, धूळ झाडा. एखादं यंत्र भलतंच वागलं, तर कारण सापडेपर्यंत ते बंदच राहू द्या. आमच्यासमोर वाकून काम करणारं माणूस तुमच्याच घरचं असतं.