कोरे गोल

मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मास्तरकी काही अंगातून गेली नव्हती. उभा जन्म गणित शिकवण्यात गेलेला. रस्त्यात जुना विद्यार्थी भेटला, तो पन्नाशीचा का असेना, हातातली सिगरेट गपकन पाठीमागे जायची. मास्तरांचा एकच हेका होता: पेपरात जागा कोरी सोडायची नाही. उत्तर चुकू दे, पण काहीतरी लिही. नुसतं सूत्र लिहिणाऱ्यालाही ते अर्धा गुण द्यायचे आणि कोरा कागद देणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायचे. "चुकलेल्याला मी शिकवू शकतो," म्हणायचे, "न लिहिणाऱ्याला काय शिकवू, कपाळ?" त्या अर्ध्या अर्ध्या गुणावर किती पोरं तरून गेली, देव जाणे.

त्यांची नात लहानपणी त्यांच्या खिशातले खडू खायची. म्हणून तिचं नाव पडलं खडू, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली तरी तेच राहिलं. खडूला डॉक्टर व्हायचं होतं, आणि तेही अगदी मनापासून. मांजराच्या मोडक्या पायाला पट्टी बांधून रात्रभर त्याच्या उशाशी बसणारी पोरगी ती. सगळं अडलं होतं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेवर. बापाने आधीच बजावलं होतं, "एकदाच बसायचं. लागला नंबर तर आनंद आहे. नाही लागला तर आत्याच्या चष्म्याच्या दुकानात कामाला लागायचं." बाप काही दुष्ट नव्हता हो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, लिफ्टखालच्या खड्ड्यात वाकून वाकून कंबर कामातून गेलेली, आणि सगळं घर त्या कमरेवर उभं.

खडू सकाळी क्लासला जायची आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर सरावाचे पेपर सोडवायची. समोर मास्तर घड्याळ लावून बसायचे. पेपर संपला की चष्मा नाकावर सरकवून उत्तरपत्रिका उचलायचे आणि पहिल्यांदा बघायचे ते एकच, उत्तराचे गोल किती कोरे राहिले.

"हे काय? इथे कोरा, इथे कोरा! झोप लागली होती का?"

"आजोबा, येत नव्हतं म्हणून सोडलं. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात. कोरं ठेवलं तर काही जात नाही. आमचे सर म्हणतात, खात्री नसेल तर हात लावायचा नाही."

"गुण कापतात? परीक्षा आहे की खिसेकापू?" मास्तर स्वतःच्याच विनोदावर हसले आणि मग गंभीर झाले. "तुझे सर म्हणजे कालचं पोर. मी हजारो पेपर तपासलेत. घाबरणाऱ्यांचे गोल कोरे राहतात, खडू. माझी नात घाबरट नाही."

तिने पुन्हा समजावलं, आकडे मांडून दाखवले. गणिताचा मास्तर, त्याला ते कळलं नसेल असं थोडंच आहे? कळलं होतं. पण इतक्या वर्षांचा हेका आकड्यांना दाद देतो होय! त्या दिवशी ते रुसले. जेवताना बोलले नाहीत, तिने आणून दिलेला चहासुद्धा गार होऊ दिला. दुसऱ्या दिवसापासून घरच्या पेपरात एकही गोल कोरा राहिना. मास्तर खूश. ती क्लासात मात्र सरांच्या सांगण्याप्रमाणे सोडायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मास्तर हट्टाने सोबत गेले. केंद्राच्या फाटकाशी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाहेर आलीस की मी एकच प्रश्न विचारणार. कोणता ते तुला माहीत आहे." ती हसली आणि आत गेली. रखवालदाराने सावलीत खुर्ची दिली, पण मास्तर कसले बसतात! फाटकाला धरून भर उन्हात उभे.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मास्तरांना वाटलं, दमली असेल.

"किती सोडलेस?"

"एकही नाही, आजोबा."

"शाबास!" त्यांनी तिची पाठ थोपटली आणि रखवालदाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या घरात कोरा पेपर देत नाहीत!"

निकाल लागला आणि खडूचा नंबर केसाने हुकला. अगदी केसाने. बापाने आत्याला फोन केला. खडू विचारील त्याला एकच सांगायची, "पेपर अवघड होता."

मास्तरांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी हुशार पोरगी, तिचा नंबर हुकतोच कसा? नक्की त्या क्लासवाल्याने नीट शिकवलं नसणार. चपला घातल्या आणि थेट क्लासवर जाऊन थडकले.

"काय शिकवलंत हो तुम्ही माझ्या नातीला?"

सर तरुण होते, शांत होते. त्यांनी खुर्ची पुढे केली. "तिला सगळं येत होतं, मास्तर."

"मग गेलं कुठे ते सगळं?"

सर टाळायला बघत होते, पण मास्तर हटेनात. शेवटी सर खाली बघत म्हणाले, "कुणाला सांगू नका म्हणून तिने मला शपथ घातली होती. जे प्रश्न येत नव्हते ते तिने सोडलेही होते. शेवटी शेवटी ते भरले. अंदाजाने. एखाददुसरा बरोबर आला, बाकी सगळे चुकले. ते कोरे असते ना, तर आज तिला मेडिकलला प्रवेश मिळाला असता."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. सरांकडून तिचे आकडे घेतले, वजाबाकी केली. मग दुसऱ्या रीतीने करून बघितली. उत्तर तेच आलं. पेन बंद करायचं भान राहिलं नाही, ते तसंच खिशात टाकून बाहेर पडले, आणि शर्टाच्या खिशावर शाईचा डाग पसरत गेला.

चष्म्याच्या दुकानात खडू काउंटरमागे उभी होती. मऊ फडक्याने फ्रेमा पुसून कपाटात मांडत होती. आत्या गिऱ्हाइकाबरोबर आतल्या खोलीत होती.

"आजोबा? उन्हाचे कशाला आलात?"

"माझ्यामुळे गेलं ना तुझं?"

"पेपरच अवघड होता."

"खडू. मी सरांकडे जाऊन आलोय."

ती थांबली. हातातली फ्रेम तिने खाली ठेवली. मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळे."

मास्तरांनी काउंटर धरला. हेच ऐकायला ते आले होते, आणि आता ऐकवत नव्हतं.

"येत नव्हते ते सगळे सोडले होते मी, आजोबा. बरोबर सोडले होते. थोडा वेळ उरला होता म्हणून खिडकीतून बघितलं, तर तुम्ही फाटकाशी उभे. उन्हात. घाम पुसत होतात. मला वाटलं, आता बाहेर गेले की तुम्ही विचारणार. मग मी भरत गेले."

"अगं वेडे," मास्तरांचा आवाज फुटला, "मग मला खोटं सांगायचं होतंस! सोडलेले तसेच ठेवायचे आणि म्हणायचं होतंस, एकही नाही सोडला. मला म्हाताऱ्याला काय कळणार होतं?"

खडू त्यांच्याकडे बघत राहिली. हा पर्याय तिला कधी सुचलाच नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुम्हाला खोटं सांगायचं?" ती म्हणाली.

मास्तर गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. खडू काउंटरमागून बाहेर आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. आतून आत्याने हाक मारली, "अगं, ती जाड काचांची पेटी आण बघू!"

"आणते," खडू म्हणाली, आणि आजोबांच्या खांद्यावरचा हात काढून आत गेली.